मौन म्हणजे होकार नव्हे : सर्किट बोर्डाची परीक्षा कशी होते

मनमाडहून निघून जालना, परभणी व पूर्णा या स्थानकांवरून नांदेड आणि मुदखेडकडे जाणारा लोहमार्ग मराठवाड्याच्या नित्य परिचयाचा आहे. तसाच दुसरा एक मार्ग बिदरहून उदगीर व लातूर रोड या लातूर जिल्ह्यांतील स्थानकांवरून परळी वैजनाथला आणि तेथून परभणीला येतो. दक्षिण मध्य रेल्वेनें या दोन्ही मार्गांवर ‘कवच’ नांवाची संरक्षक यंत्रणा बसविली आहे. रुळांच्या मध्यें स्लीपरांवर ठिकठिकाणीं बसविलेल्या खुणेच्या पट्ट्या इंजिन वाचीत जातें; स्थानकावरील यंत्र रेडिओ-लहरींनीं पुढच्या सिग्नलची स्थिति इंजिनाला कळवितें; आणि चालकानें धोक्याचा सिग्नल पाहूनहि वेग आवरला नाहीं, तर ब्रेक आपोआप लागतात. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेनें भारतीय कारखानदारांच्या साहाय्यानें ही यंत्रणा तयार केली. प्रवासी गाड्यांवर तिची चाचणी २०१६ च्या फेब्रुवारींत सुरू झाली आणि २०२० च्या जुलैंत ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारण्यांत आली. दक्षिण मध्य रेल्वेवर ती १,४६५ किलोमीटर मार्गावर व १४४ इंजिनांवर बसविल्याचें २०२४ मधील सरकारी निवेदनांत नमूद आहे.

या यंत्रणेचें सारें काम लोखंडी पेट्यांत बसविलेल्या सर्किट बोर्डांवर चालतें. सर्किट बोर्ड म्हणजे तांब्याच्या बारीक रेषांचें जाळें असलेली एक पट्टी. तिच्यावर चिपा व इतर भाग सोल्डरनें डागलेले असतात. एका बोर्डावर असे हजारों सांधे असूं शकतात. त्यांपैकीं एक सांधा कच्चा राहिला, अथवा शेजारच्या दोन सांध्यांमध्यें सोल्डर पसरून ते एकमेकांस चिकटले, तर तो बोर्ड दिसावयास अगदीं निकोप दिसतो, परंतु असतो मात्र सदोष. घरच्या रेडिओंत असा दोष राहिला तर गाणें बंद पडेल, एवढेंच. जेथें शेंकडों माणसांचे जीव यंत्रावर सोपविलेले असतात, तेथें तो दोष कारखान्याच्या दाराआंतच सांपडला पाहिजे. कवचासारखीं यंत्रें स्वतःची प्रकृति अखंड तपासीत असतात आणि शंका येतांच गाडी थांबविण्याकडे झुकतात, हें खरें. परंतु ती दुसरी फळी होय. पहिली फळी म्हणजे बोर्ड कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीं होणारी परीक्षा. अशा दाट बोर्डांच्या परीक्षेसाठीं जगभर ‘बाउंडरी स्कॅन’ ही पद्धति रूढ आहे. ती कारखान्यांतील स्वयंचलित परीक्षण-यंत्राशीं जोडतांना कोणती काळजी घ्यावी लागते, तें पाहण्यासारखें आहे.

रेल्वेच्या जुन्या प्रवाशांना आठवत असेल कीं, गाडी मोठ्या स्थानकावर थांबली म्हणजे एक कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारीत जाई. निकोप चाक खणखणीत वाजे. तडा गेलेलें चाक बद्द आवाज करी. परीक्षेचें सारें तत्त्व या एका ठोक्यांत आहे : वस्तूला प्रश्न विचारावयाचा आणि तिचें उत्तर ऐकावयाचें. सर्किट बोर्डाची जुनी परीक्षाहि अशीच होती, आणि ती अद्यापि चालू आहे. एका जाड तक्त्यावर स्प्रिंग बसविलेले शेंकडों बारीक खिळे उभे करितात. बोर्ड त्यांवर ठेवून वरून दाबला, अथवा खालची हवा ओढून घेतली, कीं प्रत्येक खिळ्याचें टोंक बोर्डावरील आपापल्या नेमक्या बिंदूला टेंकतें. या खिळ्यांच्या गादीला कारखान्यांत फिक्श्चर म्हणतात. प्रत्येक खिळ्यापासून एक तार परीक्षण-यंत्राकडे जाते. यंत्र एका खिळ्यांतून विजेचा अल्प प्रवाह सोडतें आणि दुसऱ्या खिळ्यावर काय पोंचलें तें मोजतें. अशा रीतीनें प्रत्येक रेषा, प्रत्येक रोध व प्रत्येक धारक कांहीं सेकंदांत तपासून होतो.

परंतु खिळा टेंकण्यास जागा तर हवी! पूर्वीं चिपांचे पाय बोर्डाला भोंकें पाडून आरपार घालीत. तेव्हां खालच्या बाजूला प्रत्येक पाय उघडा मिळे. १९८० नंतरच्या दशकांत चिपा पृष्ठावरच बसविण्याची रीत फैलावली, पाय बारीक व जवळजवळ आले, आणि बोर्डाच्या दोन्ही बाजू भरून गेल्या. पुढें तर असे प्रकार निघाले कीं, चिपेला बाहेर दिसणारे पायच नाहींत. तिच्या पोटाखालीं सोल्डरच्या शेंकडों बारीक गोळ्या असतात आणि त्या वितळवून चिप बोर्डावर बसवितात. ते सांधे डोळ्यांना दिसत नाहींत आणि खिळ्यालाहि सांपडत नाहींत. क्ष-किरणांनीं त्यांचा आकार दिसतो; परंतु आकार नीट आहे म्हणजे वीज वाहते, असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं. हातोडी हातांत आहे, पण चाकापर्यंत ती पोंचत नाहीं, अशी ही अडचण होती.

ही अडचण येणार हें ओळखून १९८५ मध्यें युरोपांतील कांहीं इलेक्ट्रॉनिक कंपन्या एकत्र आल्या. पुढें अमेरिकन कंपन्याहि मिळाल्या आणि त्या मंडळाला ‘जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप’ असें नांव पडलें. त्याच्या आद्याक्षरांवरून ही पद्धति आजहि ‘जेटॅग’ म्हणून ओळखली जाते. त्यांनीं आंखलेला नियम १९९० मध्यें आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेनें ११४९.१ या क्रमांकाचें मानक म्हणून प्रसिद्ध केला.

त्यांची कल्पना मोठी साधी होती. बाहेरून खिळा पोंचत नसेल, तर चिप तयार करतांनाच तिच्या आंत, प्रत्येक पिनेपाशीं, एक लहानसा कप्पा ठेवावा. गांवाच्या वेशीवर पहारेकरी असतो तसा हा कप्पा चिपेच्या शिवेवर बसतो. म्हणूनच पद्धतीला ‘बाउंडरी’ हें नांव मिळालें. नित्याच्या कामांत हा पहारेकरी कोणालाहि अडवीत नाहीं. परीक्षेचा हुकूम झाला कीं मात्र चिपेचें मूळ काम बाजूला राहतें आणि पिनेवर शून्य ठेवावयाचें कीं एक, हें तोच ठरवितो. तसेंच पिनेवर बाहेरून काय आलें तेंहि तोच टिपून ठेवतो. हे सर्व कप्पे एकामागून एक असे सांखळीनें जोडलेले असतात. एका चिपेची सांखळी संपली कीं पुढच्या चिपेची सुरू होते, आणि सर्व बोर्डाची मिळून एकच लांब सांखळी तयार होते. तिच्याशीं बोलण्यास चार तारा पुरतात. टीडीआय या तारेनें प्रश्न आंत जातो, टीडीओ या तारेनें उत्तर बाहेर येतें, टीसीके ही तार ठेका धरते, आणि टीएमएस ही पुढची पायरी कोणती तें सांगते. टीआरएसटी ही पांचवी तार ऐच्छिक असून ती सर्वांना एकदम मूळ स्थितीवर आणते. एका ठोक्याला एक अंक, या क्रमानें पाणी भरणाऱ्यांच्या रांगेंत घागर हातोहात पुढें सरकावी, तसे शून्य व एक सांखळीतून सरकत जातात.

आतां, बोर्डावर १,००० रेषा असतील तर १,००० वेळां परीक्षा घ्यावी लागेल काय? तसें नाहीं. प्रत्येक रेषेला एक क्रमांक द्यावयाचा आणि तो शून्य व एक या दोनच अंकांत लिहावयाचा. दहा स्थानांत असे १,०२४ क्रमांक लिहितां येतात. त्यांतून सगळीं शून्यें आणि सगळे एक असे दोन क्रमांक वगळतात, कारण तुटून अडकून पडलेली रेषाहि तशीच उत्तरें देते. उरले १,०२२, म्हणजे १,००० रेषांना पुरून उरले. पहिल्या फेरींत प्रत्येक रेषेवर तिच्या क्रमांकाचा पहिला अंक ठेवतात, दुसरींत दुसरा, आणि दहा फेऱ्यांत सारी परीक्षा होते. पलीकडच्या टोंकाला प्रत्येक रेषेनें आपला क्रमांक बिनचूक सांगितला, तर सांधे शाबूत.

यांत एक खोंच आहे. समजा, ०११ व १०१ या क्रमांकांच्या दोन रेषा एकमेकींस चिकटल्या, आणि त्या जोडींत शून्याचा जोर अधिक आहे. तर दोन्ही रेषा ००१ असें सांगतील. परंतु तो तर तिसऱ्याच एका निर्दोष रेषेचा क्रमांक! ती बिचारी खरें बोलत आहे कीं तीहि या दोघींस चिकटली आहे, हें कळत नाहीं. म्हणून प्रत्येक क्रमांकामागून त्याचा उलटा क्रमांकहि विचारतात. पहिली रेषा ०११ नंतर १००, दुसरी १०१ नंतर ०१० ठेवते. चिकटलेल्या जोडीचें उत्तर ००१ नंतर ०००, असें येतें, आणि तें कोणत्याहि निर्दोष रेषेचें असूं शकत नाहीं. फेऱ्या दहाच्या वीस झाल्या. सांखळींत २,००० कप्पे असले तरी वीस फेऱ्यांना ४०,००० ठोके लागतील. आणि सेकंदाला १ कोटी ठोके धरले तर तें काम सेकंदाच्या २५० व्या हिश्श्यांत आटोपेल.

मग खिळ्यांची गादी मोडींत काढावी काय? तसेंहि करतां येत नाहीं. रोध व धारक यांचीं मापें, वीजपुरवठ्याची स्थिति, आणि ज्या चिपांत हे कप्पे नाहींत त्यांचे सांधे, हीं सारीं अद्यापि खिळ्यांच्याच वांट्याला येतात. म्हणून स्वयंचलित परीक्षण-यंत्र व बाउंडरी स्कॅनचा नियंत्रक यांचा संसार एकत्र मांडावा लागतो. आणि बहुतेक घोटाळे होतात ते या जोडणींतच.

पहिली गोष्ट क्रमाची. बोर्डाला वीज देण्यापूर्वीं खिळ्यांनीं पाहावयाचें कीं, वीजपुरवठ्याच्या रेषा जमिनीशीं चिकटलेल्या नाहींत ना. तें न पाहतां वीज सोडली तर लहानशा दोषापायीं सबंध बोर्ड जळून जाईल. त्यानंतर वीज द्यावयाची, सांखळी अखंड आहे कीं नाहीं तें तपासावयाचें, आणि मगच सांध्यांची परीक्षा सुरू करावयाची. सांखळीच तुटकी असेल तर पुढच्या सर्व उत्तरांना कांहींच अर्थ नाहीं.

दुसरी गोष्ट ठेक्याची. नियंत्रक टेबलावर आणि बोर्ड दूर फिक्श्चरवर, असें झालें कीं मधली तार लांबते. लांब तारेंत विजेचा ठोका टोंकावरून परत फिरतो, आणि एका ठोक्याचे दोन झाल्याचा भास चिपेला होतो. एक ठोका जास्त पडला कीं सांखळींतील सर्व अंक एक घर पुढें सरकतात, आणि निर्दोष बोर्ड शेंकडों दोष कबूल करूं लागतो. म्हणून नियंत्रकाचा शेवटचा भाग फिक्श्चरच्या अगदीं जवळ बसवितात. ठेक्याच्या तारेला स्वतःची जमिनीची तार पिळून सोबत देतात. उगमाशीं योग्य असा रोध घालतात. आणि तरीहि शंका राहिली तर गति उतरवितात. वेगानें चुकीचें उत्तर मिळविण्यापेक्षां सावकाश खरें उत्तर मिळविणें केव्हांहि श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट विजेच्या दाबाची. कांहीं चिपा ५ व्होल्टच्या, कांहीं ३.३ च्या, तर कांहीं १.८ च्या असतात. नियंत्रकानें ज्याच्या त्याच्याशीं त्याच्याच दाबानें बोलावें लागतें. शिवाय एकाच रेषेवर खिळा शून्य ठेवीत आहे आणि चिप एक ठेवीत आहे, असें भांडण होऊं देतां कामा नये. चिप बोलत असतां खिळ्यानें हात काढून घेतला पाहिजे. परीक्षेचा हुकूम देण्याआधींच प्रत्येक कप्प्यांत निरुपद्रवी अंक भरून ठेवतात, तेंहि याचसाठीं. आणखी एक : शेंकडों पिना एकाच क्षणीं शून्यावरून एकावर उडाल्या कीं बोर्डाची जमीनच क्षणभर डळमळते आणि तो धक्का ठेक्याला लागतो. तेव्हां जमिनीचे खिळे सढळ हातानें द्यावे लागतात.

चौथी गोष्ट वेळेची. कांहीं रेषांच्या एका टोंकाला कप्पा असतो, तर दुसरें टोंक बाहेरच्या जोडणीपाशीं उघडें असतें. तेथें कप्प्यानें बोलावें व खिळ्यानें ऐकावें, किंवा खिळ्यानें बोलावें व कप्प्यानें ऐकावें, अशी वांटणी करितात. कप्प्यानें नवा अंक ठेवल्यानंतरच खिळ्यानें तो वाचावा. आणि कप्पा टिपून घेण्यापूर्वींच खिळ्यानें आपला अंक ठेवावा. दोन्ही यंत्रें आपापल्या घड्याळाप्रमाणें चाललीं तर एक जण प्रश्न विचारीत असतां दुसरा मागच्या प्रश्नाचें उत्तर लिहीत बसतो.

या साऱ्यांहून महत्त्वाची अशी पांचवी गोष्ट उरली, ती मौनाची. मौनं संमतिलक्षणम् असें व्यवहारांत म्हणतात. रेल्वेनें मात्र तें कधीं मानलें नाहीं. जुन्या सिग्नलचा हात तारेनें खालीं ओढला तर गाडीला वाट मोकळी. तार तुटली, तर वजनाच्या भारानें तो हात आपोआप आडवा होई, म्हणजे धोका दाखवी. निरोप पोंचला नाहीं याचा अर्थ ‘थांबा’ असाच घ्यावयाचा, हा त्या खांबाचा धर्म होता.

बाउंडरी स्कॅनचें मानक लिहिणाऱ्यांनींहि तोच धर्म पाळला आहे. टीडीआय अथवा टीएमएस ही तार तुटली तर चिपेला तेथें एक हा अंक दिसावा, असा नियम आहे. हुकुमाच्या जागीं सगळे एक भरले गेले तर त्याचा अर्थ ‘बाजूला हो, कांहीं करूं नको’ असा ठरविला आहे. टीएमएसवर एक असतां पांच ठोके पडले कीं चिप कोणत्याहि पायरीवर असो, परीक्षा सोडून आपल्या नित्याच्या कामावर परत येते. आणि सांखळी अखंड आहे ना, असें विचारतांच प्रत्येक चिपेनें आधीं एक व मग शून्य अशी खूण दिलीच पाहिजे. नुसतीं शून्यें आलीं किंवा नुसते एक आले, तर सांखळी तुटली असें समजावें. कोणत्या चिपेपर्यंतच्या खुणा आल्या तें मोजलें कीं कोठें तुटली तेंहि कळतें.

इतकी दक्षता चिपेच्या आंत घेतलेली असतां ती बाहेरच्या जोडणींत वाया जाऊं शकते. परीक्षण-यंत्राचा कार्यक्रम एक, स्कॅन-नियंत्रकाचा दुसरा. पहिला दुसऱ्याला हांक मारतो आणि ‘दोषांची यादी दे’ म्हणतो. समजा, दुसरा कार्यक्रम कांहीं कारणानें सुरूच झाला नाहीं. यादी कोरी आली. कोरी यादी म्हणजे दोष नाहीं, असें पहिल्यानें समजावें अशी रचना असेल, तर यंत्रावर हिरवा दिवा लागेल आणि ज्याची परीक्षा झालीच नाहीं असा बोर्ड उत्तीर्णांच्या रांगेंत जाऊन बसेल. म्हणून जाणते लोक जोडणी अशी करितात कीं, दुसऱ्या कार्यक्रमानें ‘मी सुरू झालों, इतक्या चिपा पाहिल्या, इतक्या फेऱ्या केल्या, संपलों’ हें स्पष्ट सांगितल्याखेरीज हिरवा दिवा लागूंच नये. ते आणखीहि एक करितात : मुद्दाम एक सांधा तोडलेला बोर्ड जवळ ठेवतात आणि अधूनमधून तो यंत्राला देऊन पाहतात. दोष ठाऊक असलेला बोर्ड यंत्रानें पकडला नाहीं, तर यंत्रच नापास. परीक्षकाचीहि परीक्षा घ्यावी लागते, हें प्रत्येक शाळेनें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या पद्धतीच्या मर्यादाहि सांगावयास हव्यात. ती सांधे जोडलेले आहेत इतकेंच सांगते. बोर्ड पूर्ण वेगानें बिनचूक चालेल कीं नाहीं हें सांगत नाहीं, आणि मूळ आराखड्यांतील चूकहि तिला दिसत नाहीं. चिप तयार करणाऱ्यांनीं दिलेल्या वर्णनावर तिची भिस्त असते. अशा वर्णनाची ठराविक भाषा १९९४ मध्यें मानकांत आली. त्या जन्मपत्रिकेंतच चूक असली तर पुढचें सारें भविष्य चुकावयाचेंच.

नांदेडजवळ विष्णुपुरी येथें श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. लातूरला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला असून २०२० च्या २५ डिसेंबरला तेथें पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आजच्या गाडींत लोखंडाइतकेंच महत्त्व सर्किट बोर्डांनाहि आलें आहे. तेव्हां या भागांतील तरुणांना बोर्ड तयार करण्याचीं, तपासण्याचीं व दुरुस्त करण्याचीं कामें पुढें मिळत जातील, अशी अपेक्षा करण्यास जागा आहे. चार तारा कशा जोडावयाच्या तें पुस्तकांत सांपडेल. परंतु कोऱ्या यादीसमोर बसून ‘दोष नाहीं’ आणि ‘उत्तर नाहीं’ या दोहोंत फरक करण्याची संवय ज्याला लागली, त्याच्या हातून गेलेल्या बोर्डावर विसंबून नांदेडची रात्रीची गाडी निर्धास्तपणें धांवेल. जुन्या काळीं चाकावर ठोका मारणारा कामगार हेंच करीत असे. आवाज ऐकूं आला नाहीं, तर तो पुढच्या चाकाकडे जात नसे. पुन्हां ठोका मारून पाही.